वनजिल्ह्यांतील अभियांत्रिकी वर्ग आणि विदा-संरचनांचे अध्यापन

बीजसंज्ञा : विदा-संरचना, अल्गोरिदम, अभियांत्रिकी शिक्षण, अध्यापनपद्धती, चंद्रपूर, गडचिरोली

प्रस्तावना

संगणक अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात साधारणतः दुसऱ्या वर्षाच्या प्रारंभी 'डेटा स्ट्रक्चर' अर्थात विदा-संरचना हा विषय येतो आणि त्याच्या पाठोपाठ अल्गोरिदमचे विश्लेषण येते. पहिल्या वर्षी सर्व शाखांचे विद्यार्थी गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी चित्रकला असे समान विषय शिकत असतात. आपण निवडलेली शाखा प्रत्यक्षात काय आहे, याचा प्रत्यय त्यांना या विषयात प्रथम येतो. 'हे आपल्याला जमण्यासारखे नाही' असा निर्णय अनेक विद्यार्थी कोणाशीही न बोलता घेतात, तोही बहुधा याच सत्रात. पुढे असा विद्यार्थी उत्तीर्ण होत राहतो, पदवीही मिळवतो. मात्र स्वतः प्रोग्राम लिहिण्याचा प्रयत्न त्याने सोडून दिलेला असतो.

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. चंद्रपूर येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्ये सुरू झाले; चंद्रपूर शहरात व बल्लारपूरजवळील बामणी येथे खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन होईपर्यंत या परिसरातील उच्च शिक्षण नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होते. येथील वर्गात बसणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकजण घरातील पहिलेच पदवीधर होऊ पाहणारे असतात. बारावीपर्यंतचे त्यांचे शिक्षण बहुधा मराठीतून झालेले असते. भामरागड-एटापल्लीकडील विद्यार्थ्यांची घरची भाषा माडिया किंवा गोंडी असते, सिरोंच्याकडील अनेकांची तेलुगू, मुलचेरा-चामोर्शी भागातील काहींची बंगाली. त्यांच्या हाती येते ते इंग्रजी पाठ्यपुस्तक आणि त्यातील सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम.

अडचण इंग्रजीची आहे असे सामान्यतः समजले जाते. ती आहेच, परंतु ती पूर्ण अडचण नाही. विद्यार्थ्याला संरचना प्रथम भेटते ती उत्तर म्हणून, आणि ते उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे हे त्याला कधी सांगितलेलेच नसते. प्रश्न आधी हातात द्यावा, तो परिसरातील ओळखीच्या वस्तूंवर हाताने सोडवून घ्यावा आणि मग संकेतलेखनाकडे वळावे, असा क्रम ठेवल्यास काय साधते व कोठे सावध राहावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषयाचे स्वरूप

संगणकशास्त्राबाहेरील अध्यापकांसाठी विषय थोडक्यात असा सांगता येईल. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील पुस्तके दाखल क्रमांकानुसार लावली तर नवे पुस्तक ठेवणे सोपे जाते. ते शेवटी ठेवायचे इतकेच. पण अर्थशास्त्रावरील सर्व पुस्तके दाखवा असे कोणी म्हटले तर प्रत्येक कपाट धुंडाळावे लागते. विषयवार लावली तर शोध सुकर होतो, मात्र नवे पुस्तक मध्येच घुसवण्यासाठी रांग सरकवावी लागते. पुस्तके तीच, मांडणी दोन. प्रत्येक मांडणी एका प्रश्नाला स्वस्त व दुसऱ्याला महाग. माहितीची मांडणी म्हणजे विदा-संरचना, त्या मांडणीवर करावयाच्या कृतींचा निश्चित क्रम म्हणजे अल्गोरिदम आणि माहिती वाढत गेली की त्या कृतींचा खर्च कसा वाढतो याचा हिशेब म्हणजे विश्लेषण. डोनाल्ड नुथ यांच्या १९६८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ग्रंथमालेने या विषयाला शास्त्राचे रूप दिले. भारतात हा विषय पिढ्यान्‌पिढ्या ज्या पुस्तकावरून शिकवला गेला, त्या १९७६ च्या ग्रंथाच्या दोन लेखकांपैकी सरताज साहनी हे मूळचे पुण्याचे. विदर्भातील विद्यार्थ्यांना नागपूरच्या यशवंत कानेटकर यांची सी भाषेवरील पुस्तके अधिक परिचित असतात.

या सर्वांत 'खर्च' ही कल्पना मध्यवर्ती आहे. तीच वर्गात सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी वेळ शिकवली जाते.

शाळेत शिकलेला अल्गोरिदम

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने एक नामांकित अल्गोरिदम शाळेतच शिकलेला असतो, परंतु त्याला तसे कोणी सांगितलेले नसते. भागाकार पद्धतीने मसावि काढणे ही ती रीत. १०७१ व ४६२ यांचा मसावि काढताना १०७१ ला ४६२ ने भागून १४७ बाकी उरते. ४६२ ला १४७ ने भागून २१ उरते. १४७ ला २१ ने भाग नि:शेष जातो. तीन भागाकारांत उत्तर २१. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षे युक्लिडच्या ग्रंथात हीच रीत दिलेली आहे.

पहिल्या तासिकेस हे उदाहरण फळ्यावर घ्यावे आणि सोबत दुसरी रीत ठेवावी : १ पासून ४६२ पर्यंत प्रत्येक संख्येने दोन्ही संख्यांना भागून पाहणे. उत्तर तेच, पण एका रीतीत तीन पायऱ्या व दुसरीत शेकडो. संख्या बारा-बारा अंकी असतील तर? दुसरी रीत माणसाच्या आवाक्याबाहेर जाते. पहिलीत साठहून अधिक भागाकार लागूच शकत नाहीत, कारण लहान संख्येच्या अंकांच्या पाचपटीपेक्षा जास्त पायऱ्या या रीतीत कधीच लागत नाहीत, असे गाब्रिएल लामे यांनी १८४४ मध्ये सिद्ध केले आहे. खर्चाची कल्पना येथे एकाही इंग्रजी संज्ञेशिवाय वर्गात येते. विद्यार्थ्याच्या जुन्या वहीत असलेले ज्ञान नव्या विषयाचे पहिले पान ठरते, हा त्याचा आणखी एक लाभ.

चिठ्ठ्या आणि वॅगनी

'लिंक्ड लिस्ट' अर्थात साखळी-यादी हा विद्यार्थ्यांच्या अडखळण्याचा पहिला मोठा टप्पा. पॉइंटर हा शब्द ऐकताच वर्गातील लेखण्या संकेत उतरवून घेऊ लागतात. त्याऐवजी दहा विद्यार्थ्यांना वर्गात विखरून बसवावे व प्रत्येकाच्या हाती एक चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीवर एक संख्या व पुढच्या विद्यार्थ्याचा बाकक्रमांक एवढेच असते. पहिला कोण हे फळ्यावर लिहिलेले असते. जंगलातील पायवाटेने जाणाऱ्या नवख्या माणसाला प्रत्येक पाड्यावर फक्त पुढच्या पाड्याची वाट कळते, तसेच हे. आता साखळीच्या मध्यभागी एक नवा विद्यार्थी घालावयाचा आहे. मागच्याने आपल्या चिठ्ठीवरील जुना क्रमांक आधीच खोडून नव्याचा लिहिला, तर पुढील साखळी कोठे आहे हे कोणालाच ठाऊक राहत नाही. पाच-सहा विद्यार्थी जागेवर बसलेले असूनही यादीतून नाहीसे होतात. नव्याने आधी पुढचा क्रमांक उतरवून घ्यावा, मग मागच्याने आपली चिठ्ठी बदलावी, हा क्रम विद्यार्थी स्वतः शोधतात. त्यानंतर फळ्यावर सीमधील दोन ओळी लिहिल्या की त्यांचा क्रम पाठ करावा लागत नाही.

वीज किंवा संगणक नसतानाही हे साधते. न्यूझीलंडमध्ये टिम बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे असे अनेक खेळ तयार केले. ते प्रामुख्याने शाळकरी मुलांसाठी होते, या कारणाने महाविद्यालयीन अध्यापक त्यांच्याकडे पाहत नाहीत. हा संकोच सोडण्यासारखा आहे.

'स्टॅक' शिकवताना थाळ्यांच्या चळतीचे उदाहरण पुस्तकात असते. या परिसरात बल्लारपूरच्या आगारातील सागवानी लाकडाच्या थप्प्या सहज सुचतात. परंतु ते उदाहरण फसवे आहे. आगारातील थप्पी बाजूने मोकळी असते आणि मजूर मधला ओंडकाही काढू शकतात. स्टॅकची खरी अट अशी की शेवटी आलेली वस्तूच प्रथम बाहेर पडेल व दुसरा मार्गच नसेल. ही अट रेल्वेच्या बंद टोकाच्या रुळावर तंतोतंत लागू पडते. दिल्ली-चेन्नई मार्गावरील बल्लारशाह जंक्शनवर वॅगनी लावण्या-काढण्याचे काम कितीतरी विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. १, २, ३ अशा क्रमाने येणाऱ्या वॅगनी बंद टोकाच्या एका रुळाचा उपयोग करून कोणकोणत्या क्रमांनी पुढे पाठवता येतील, असा प्रश्न विचारावा. एकूण क्रम सहा. त्यांपैकी पाच शक्य होतात व ३, १, २ हा क्रम होत नाही. 'का होत नाही' याचे उत्तर विद्यार्थी आपल्या शब्दांत देतात तेव्हा त्यांनी या विषयातील आपली पहिली सिद्धता दिलेली असते. चार वॅगनींसाठी चोवीसपैकी चौदा क्रम साधतात; ते घरी करावयास द्यावे.

एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी गणिती राशी संगणकास सोयीच्या क्रमात लावण्याच्या आपल्या १९६१ मधील रीतीला रेल्वे शंटिंग यार्डावरूनच नाव मिळाले. ३ + ४ × ५ या राशीत संख्या सरळ पुढे जातात, चिन्हे बंद रुळावर थांबतात. × चा मान + पेक्षा वरचा असल्याने ते + च्या नंतर आत येऊन आधी बाहेर पडते. शेवटी ३ ४ ५ × + असा क्रम मिळतो. परीक्षेत हमखास येणारा हा प्रश्न बहुतेक विद्यार्थी तक्ता पाठ करून सोडवतात. यार्डाचे चित्र डोळ्यांपुढे असेल तर तक्त्याचे काम उरत नाही. 'क्यू' म्हणजे रांगेवर वेळ घालवण्याची आवश्यकता नाही. दवाखान्यात तापाचे दहा रुग्ण बसलेले असताना सर्पदंशाचा रुग्ण आला तर त्याला प्रथम घेतात, एवढ्या एका वाक्यात साधी रांग व अग्रक्रमाची रांग यांतील भेद स्पष्ट होतो.

वनखात्याचा वृक्ष

'ट्री' म्हणजे वृक्ष ही संरचना समजावण्यास या दोन जिल्ह्यांइतके अनुकूल ठिकाण क्वचितच असेल. येथे जंगलातील झाडांची गरज नाही. वनखात्याचा कारभारच वृक्षाकार आहे. गडचिरोली वनवृत्तात गडचिरोली, वडसा, आलापल्ली, भामरागड व सिरोंचा हे पाच वनविभाग येतात. चंद्रपूर वनवृत्तात चंद्रपूर, ब्रह्मपुरी व मध्य चांदा हे तीन. प्रत्येक विभागाखाली वनपरिक्षेत्रे, त्याखाली क्षेत्र सहायकाचे क्षेत्र, त्याखाली वनरक्षकाचे नियतक्षेत्र आणि सर्वांत खाली कक्ष. मूळ वर व पाने खाली हे विद्यार्थ्यांना प्रथम विचित्र वाटते. गीतेच्या पंधराव्या अध्यायातील उलट्या अश्वत्थाची आठवण करून दिल्यास मराठी घरातील विद्यार्थ्याला ते खटकत नाही.

आता एखाद्या गणनेची आज्ञा वनवृत्तातून निघाली असे मानावे. आज्ञा वरून खाली जाते : आधी वृत्त, मग विभाग, मग परिक्षेत्र. आकडे मात्र खालून वर येतात; सर्व नियतक्षेत्रांचे आकडे आल्याशिवाय क्षेत्र सहायक आपली बेरीज करू शकत नाही. पाठ्यपुस्तकातील प्रीऑर्डर व पोस्टऑर्डर हे वृक्षभ्रमणाचे दोन प्रकार ते हेच. त्यांची नावे घोकणाऱ्या विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारावा : मालकाने आपले काम मुलांच्या आधी करावयाचे की नंतर?

याच उदाहरणातून 'रिकर्शन' म्हणजे पुनरावाहन उलगडते. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांना या संकल्पनेची धास्ती असते. एखादे फंक्शन स्वतःलाच कसे बोलावते, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. वनखात्यात वृत्तापासून नियतक्षेत्रापर्यंत सर्वांना एकच आज्ञापत्र देता येते : 'तुमच्या हाताखाली कोणी असेल तर त्यांच्याकडून आकडे मागवा, बेरीज करा व वर पाठवा, कोणी नसेल तर स्वतः मोजा.' दोन वाक्यांची ही आज्ञा म्हणजे संपूर्ण रिकर्सिव्ह फंक्शन आहे. त्यातील दुसरे वाक्य गाळले तर काय होईल, हे विद्यार्थ्यांनीच सांगावे. वनरक्षक आपल्या हाताखाली कोण आहे हे शोधत बसेल व एकही आकडा कधीच वर येणार नाही. विद्यार्थ्यांच्या प्रोग्राममध्ये सर्वांत वारंवार गळणारी ओळ नेमकी हीच असते.

मात्र उदाहरण जेथे तुटते तेथे थांबून ते तुटले आहे असे सांगणे, हे अध्यापकाचे खरे काम आहे. वनवृत्ताखाली पाच विभाग आहेत, त्यांत डावे-उजवे काही नाही. 'बायनरी सर्च ट्री'मध्ये प्रत्येक मालकाची मुले अधिकाधिक दोन. लहान संख्या डावीकडे, मोठी उजवीकडे. येथे वृक्ष कारभारासाठी नसून शोधासाठी आहे. वनखात्याचे चित्र मनात घट्ट बसलेला विद्यार्थी हा भेद चुकवतो व वृक्ष म्हटले की शोध आपोआप जलद होतो असे समजतो. त्यावर उपाय म्हणजे १ ते ७ या संख्या एकदा ४, २, ६, १, ३, ५, ७ या क्रमाने व एकदा चढत्या क्रमाने वृक्षात भरावयास लावणे. पहिल्या वेळी तीन पातळ्यांचा डौलदार वृक्ष तयार होतो. दुसऱ्या वेळी एका बाजूला झुकलेली सात पातळ्यांची काठी. हजार संख्या असतील तर दहा पातळ्या आणि हजार पातळ्या असा फरक पडतो. सोव्हिएत गणिती अडेल्सन-वेल्स्की व लँडिस यांनी १९६२ मध्ये वृक्षाचा तोल राखण्याची रीत का शोधली, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

खर्चाच्या हिशेबासाठी ताडोब्याचे एक उदाहरण उपयोगी पडते. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे वेगळे असतात. कॅमेरा ट्रॅपने घेतलेल्या छायाचित्रांतील पट्टे जुळवून वाघ ओळखले जातात. २००० छायाचित्रे असतील व प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करावयाची असेल तर तुलना होतात १९,९९,०००. छायाचित्रे दुप्पट झाली की तुलना जवळजवळ चौपट होतात. पण ओळख पटलेल्या वाघांची वेगळी यादी ठेवली व नवे छायाचित्र फक्त त्या यादीशी ताडून पाहिले, तर शंभर वाघांसाठी दोन लाखांहून अधिक तुलना लागणार नाहीत. छायाचित्रे तीच, मांडणी बदलली. (वाघाच्या डाव्या व उजव्या अंगावरील पट्टे सारखे नसतात, म्हणून कॅमेरे समोरासमोर लावतात, ही माहितीही वर्गाला आवडते.)

नद्या, रस्ते आणि सेतू

'ग्राफ' या संज्ञेसाठी मराठीत आलेख हा शब्द वापरला जातो आणि तेथेच गोंधळ सुरू होतो. शालेय गणितात आलेख म्हणजे चौकटीच्या कागदावर काढलेली रेषा. येथे अभिप्रेत आहे ते बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषांचे जाळे. पारिभाषिक शब्द मराठी असला म्हणजे तो सुबोध होतोच असे नाही; या ठिकाणी 'रस्त्यांचे जाळे' हे साधे शब्द अधिक काम करतात.

फळ्यावर दहा गावे मांडावीत. चंद्रपूर, मूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, गोंडपिपरी व पुन्हा चंद्रपूर असे एक वर्तुळ होते. आष्टीहून आलापल्ली, आणि आलापल्लीहून एटापल्ली, भामरागड व सिरोंचा या तीन दिशांना तीन रस्ते. या आराखड्यात दहा बिंदू व दहा रेषा आहेत. कोणती एक रेषा पुसली तर जाळ्याचे दोन तुकडे होतात? वर्तुळातील कोणतीही एक रेषा पुसली तरी दुसऱ्या बाजूने जाता येते. आष्टी-आलापल्ली पुसली तर मात्र चार गावे तुटतात. आलापल्ली-भामरागड पुसली तर भामरागड एकाकी पडते. अशा रेषेला ग्राफ सिद्धान्तात 'ब्रिज' म्हणजे सेतू असेच म्हणतात. पर्लकोटा नदीवरील ठेंगणा पूल पुराच्या पाण्याखाली गेला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी ज्यांनी वर्षानुवर्षे ऐकली, २०१९ च्या पावसाळ्यात वारंवार ऐकली, त्या विद्यार्थ्यांना ही व्याख्या पाठ करावी लागत नाही. लिओनार्ड ऑयलर यांनी १७३६ मध्ये क्योनिग्जबर्ग या नगरातील सात पुलांच्या कोड्यावरून या शास्त्राचा पाया घातला, हे त्यानंतर सांगावे.

पुढचा प्रश्न अधिक कठीण आहे. मूल-गडचिरोली आणि गोंडपिपरी-आष्टी हे दोन्ही रस्ते वैनगंगा ओलांडतात. दोहोंपैकी एकही रेषा सेतू नाही. तरी ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आला तसा वैनगंगेला महापूर येऊन दोन्ही एकदम बंद पडले असे मानले, तर या आराखड्यातील पूर्वेकडचा सारा भाग पश्चिमेपासून वेगळा होतो. सुट्या रेषांची परीक्षा करून हे ध्यानात येत नाही. रेषांचा संच तपासावा लागतो. हरणघाटावरून जाणारा मूल-चामोर्शी रस्ता राहिला, असे वर्गातील कोणीतरी म्हणेलच. तो घालावा व उत्तर पुन्हा काढावयास सांगावे. आता तुकडे करण्यासाठी किती रेषा पुसाव्या लागतील?

लघुतम मार्गासाठी रेषांवर प्रवासाचे तास लिहावेत. हे आकडे मानीव असले तरी चालते. चंद्रपूर-मूल, मूल-गडचिरोली, गडचिरोली-चामोर्शी व चामोर्शी-आष्टी प्रत्येकी एक तास. चंद्रपूर-गोंडपिपरी दोन तास आणि रस्ता खराब असल्याने गोंडपिपरी-आष्टी तीन तास. कमीत कमी गावे लागतील असा आष्टीचा मार्ग गोंडपिपरीहून आहे. कमीत कमी वेळ लागेल असा मार्ग मूलहून, पाचऐवजी चार तासांचा. पहिले उत्तर 'ब्रेड्थ फर्स्ट सर्च' देतो, दुसरे डाइक्स्ट्रा यांची रीत. हे दोन अल्गोरिदम एकाच पाठात शेजारी ठेवल्याशिवाय त्यांतील भेद विद्यार्थ्याच्या मनात पक्का होत नाही. डाइक्स्ट्रा यांना ही रीत १९५६ मध्ये ॲमस्टरडॅम येथे कॉफी घेत असताना कागद-लेखणीवाचून सुमारे वीस मिनिटांत सुचली व १९५९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला कसे जावे, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. गावांची नावे बदलली तर तो आलापल्लीच्या विद्यार्थ्याचाही प्रश्न आहे.

भाषा, अचूकपणा आणि परीक्षा

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली. त्याचे स्वागत करताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. मुलाखती व स्पर्धा परीक्षा इंग्रजीतच होतात. म्हणून स्टॅक, क्यू, पॉइंटर या संज्ञा विद्यार्थ्याच्या तोंडी असल्याच पाहिजेत. संज्ञा इंग्रजी व विचाराचे वाक्य मराठी, अशी मिश्र भाषा वर्गात बोलली जातेच. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. दुसरे असे की माडिया घरातील विद्यार्थ्याला मराठी हीदेखील शिकलेली भाषा आहे. त्याच्यापुढे चिठ्ठ्या, वॅगनी व नकाशा ठेवणे हे कोणत्याही भाषांतरापेक्षा अधिक न्याय्य ठरते.

हाताने शिकवण्याच्या या पद्धतीवर एक आक्षेप योग्य आहे : तिच्यामुळे समजल्यासारखे वाटते, पण अचूकपणा येत नाही. 'बायनरी सर्च'चे उदाहरण बोलके आहे. १ ते १००० मधील मनात धरलेली संख्या दहा प्रश्नांत ओळखण्याचा खेळ शाळकरी मुलगाही खेळतो. या रीतीचा पहिला उल्लेख १९४६ मधला. परंतु कोणत्याही लांबीच्या यादीवर बरोबर चालणारी तिची आवृत्ती छापून येण्यास १९६० च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. पुढे २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिले की जावा भाषेच्या अधिकृत संग्रहातील बायनरी सर्चमध्येही वर्षानुवर्षे दोष होता. मध्य काढण्यासाठी आरंभ व शेवट यांची बेरीज करून दोनने भागले जात होते. ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की ३२ बिटांत न मावता ऋण होते. शेवटातून आरंभ वजा करून त्याचे अर्धे आरंभात मिळवले तर दोष राहत नाही. कल्पना समजणे व ती अचूक उतरवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसऱ्या कामासाठी प्रयोगशाळेत संगणकासमोर बसण्याला पर्याय नाही.

अडचण अशी की प्रयोगशाळेतील वेळ बहुधा नोंदवही पूर्ण करण्यात जातो. ठरलेले दहा-बारा प्रोग्राम मागील वर्षाच्या वहीतून उतरवले जातात, त्यांवर स्वाक्षरी होते व तोंडी परीक्षेत व्याख्या विचारल्या जातात. २०२२ च्या अखेरीपासून मागितला तो प्रोग्राम क्षणात लिहून देणारी साधने विद्यार्थ्याच्या मोबाइलवर आली आहेत. उतरवलेल्या प्रोग्रामला मूल्यमापनाचे साधन म्हणून जी थोडी किंमत होती तीही त्यामुळे संपली. 'स्टॅकचा प्रोग्राम लिहा' या प्रश्नातून आता काहीच कळत नाही.

त्याऐवजी प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला चालणारा, पण एका ठिकाणी चुकलेला प्रोग्राम छापून द्यावा आणि तो कोणत्या माहितीवर चुकेल ती माहिती लिहून दाखवण्यास सांगावे. साखळी-यादीतून घटक काढणारे फंक्शन असेल तर ते पहिल्याच घटकावर कोसळते का. बायनरी सर्च असेल तर यादी रिकामी असताना काय होते. उत्तर एका ओळीचे असते व ते संगणकावर लगेच पडताळता येते. वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीसाठी पाच वेगवेगळे सदोष प्रोग्राम पुरतात. प्रत्येकास दहा मिनिटे धरली तरी बाह्य परीक्षकासह तीन-साडेतीन तासांत तुकडी संपते, म्हणजे सध्याच्या तोंडी परीक्षेला लागतो तेवढाच वेळ. सदोष प्रोग्राम तयार करण्याचे काम मात्र अध्यापकाचे असून त्याला पहिल्या वर्षी बराच वेळ लागतो. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या अध्यापकांनी ते आपसांत वाटून घेतले व दरवर्षी त्यांत थोडी भर घातली, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी पुरेसा संग्रह हाती येऊ शकतो. आधीच्या तुकड्यांच्या नोंदवह्यांत त्यासाठी लागणाऱ्या चुका विपुल आहेत.